सुपारीच्या ताटातले हस्तलिखित

हस्तलिखित टेबलावर नव्हते.

दुर्गाने खाटेखाली पाहिले, कपाटावर पाहिले, मग उशी उचलून पाहिली. सहाशे पानांचा गठ्ठा उशीखाली मावला नसता हे तिला ठाऊक होते, तरी पाहिले. टेबलावर खोडरबर होते, टोक केलेल्या पेन्सिली होत्या आणि सुवाच्य अक्षरात लिहिलेले चार सुटे कागद होते. दौलतरावांच्या कादंबरीविषयी तिने त्या कागदांवर जे लिहिले होते ते सौम्य होते आणि खरेही होते. हस्तलिखिताच्या समासात जे लिहिले होते ते फक्त खरे होते.

तिची कामाची पद्धतच तशी होती. पुण्याचे प्रकाशक तिच्याकडे दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांची बाडे तपासायला पाठवत. पहिल्या वाचनात ती मऊ पेन्सिलीने समासात मनात येईल ते लिही, स्वतःपुरते. दुसऱ्या वाचनात त्यातले लेखकाला सांगण्यासारखे काय ते वेगळ्या कागदावर उतरवी आणि मग खोडरबराने सगळे समास पुन्हा कोरे करी. स्वतःच्या दोन कादंबऱ्या छापून आल्यावर तिला एक कळले होते. लेखकाला समास वाचायला देणे म्हणजे डॉक्टरने रोग्याला तपासताना मोठ्याने पुटपुटण्यासारखे.

दौलतरावांच्या बाडाचे समास आज सकाळी कोरे करायचे होते. पण पाहुणे जेवायला होते आणि सकाळ पुरण वाटण्यात गेली.

"सुमन, टेबलावरचं बाड तू हलवलंस का?" तिने जिन्यातून हाक मारली.

सुमन, तिची नणंद, खाली नवे लुगडे नेसून उभी होती. निऱ्या सारख्या आल्या आहेत की नाही हे ती मान खाली घालून मोजून बघत होती. "नाही वहिनी. काल संध्याकाळी आईला शेवया वळताना वाचून दाखवलं आणि परत जागेवर ठेवलं."

"मग गेलं कुठं?"

"आबा मघाशी वर गेले होते."

दुर्गा जिन्यावरच थांबली. सोप्यातून पुरुषांचे आवाज येत होते. पाहुणे आले होते.

आज सुमनची सुपारी फुटायची होती. पंचांसमोर सुपारी फुटली की सोयरीक पक्की. त्याआधी कोणीही, कशावरूनही उठून जाऊ शकतो. यापूर्वी दोन स्थळे तशी उठून गेली होती. तेवीस वर्षांची मुलगी पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात नोकरी करते आणि काचेच्या बशीतली बुरशी मोजते, हे ऐकून एका मुलाच्या आत्याने पाण्याचा पेलासुद्धा खाली ठेवला होता. हे स्थळ निराळे होते. ज्योतीराम त्याच कारखान्यात बॉयलरवर होता. "हे झालं तर बरं," असे सुमन एकदाच, भाकरी थापता थापता, वहिनीला म्हणाली होती. सुमनच्या मानाने ते फार बोलणे होते.

आणि ज्योतीरामचे वडील दौलतराव सर्व्हे खात्यातून निवृत्त होऊन खेडला कादंबरी लिहीत होते. मुलगी पाहायला आले तेव्हा त्यांना कळले की मुलीची वहिनी लेखिका आहे. पुढच्याच आठवड्यात ते लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा घेऊन पुन्हा आले. "सवडीनं नजर घाला, दुर्गाबाई. सुपारीला येऊ तेव्हा नेईन."

दुर्गा माजघराच्या दारापर्यंत आली आणि तिने सोप्यात डोकावले. सोप्याच्या मधोमध पितळेचे ताट होते. ताटात नारळ, टॉवेल-टोपी, सुपाऱ्या, अडकित्ता. आणि या सगळ्याच्या मधे, लाल फडक्यावर हळद-कुंकवाची बोटे उमटवून, बाड.

*

उद्धवरावांना, म्हणजे सुमनच्या आबांना, ताट फार आवडले होते.

चाकणच्या कांद्याच्या वखारीत त्यांनी उभा जन्म काढला होता. तिथे एक नियम होता. दुसऱ्याच्या घरचे भांडे रिकामे परत धाडायचे नाही. काही नाही तर चार गुळाचे खडे तरी घालायचे. सोयरीक म्हटल्यावर तर हा नियम दुप्पट. व्याह्यांनी भरवशाने दिलेली वस्तू हातात नुसती कोंबायची? शोभले नसते. म्हणून ते सकाळी माडीवर गेले आणि बाड उघडून पाहिले. चष्मा खाली होता, त्यामुळे अक्षर लागले नाही. पण पानापानाच्या कडेला पेन्सिल चालली होती ती दिसली. खूप चालली होती. सूनबाई महिनाभर खाली मान घालून काय करत होत्या ते एका नजरेत कळत होते. एवढी मेहनत, आणि ती फडक्यात झाकून द्यायची?

"घ्या, दौलतराव," ते म्हणाले. "रिकामं न्हाई परत देत. आमच्या सूनबाईंनी एकेक पान धुऊन काढलंय. उघडून तर बघा, एक कड कोरी न्हाई ठेवली."

"मामंजी," दारातून दुर्गाचा आवाज आला. "ते अजून झालं नाही. मला थोडा वेळ हवाय. वर नेते."

"झालंय की. मी बघितलं न्हवं का."

"नाही झालं."

"अशीच हाय आमची सून," उद्धवराव कौतुकाने सगळ्यांना म्हणाले. "काम झालं तरी झालं म्हणायची न्हाई."

दौलतरावांनी तोवर गाठ सोडली होती.

त्यांना चाळीस वर्षांची एक सवय होती. पंचांसमोर कागद आला की तो मोठ्याने वाचायचा, म्हणजे पुढे कोणी म्हणू नये की आम्हाला माहीत नव्हते. समोर चाकणचे सोपानराव पंच म्हणून बसले होते. दौलतरावांनी चष्मा लावला, तिसरे पान काढले आणि समास वाचला.

"'पुन्हा चतुःसीमा.'"

सोपानरावांनी मान डोलावली. त्यांना ते कौतुक वाटले.

"पान अकरा. 'नायक फार रडतो.' पान सव्वीस." दौलतराव थांबले. "पान सव्वीस. 'येथे झोप आली.'"

आता कोणीच मान डोलावली नाही. आतल्या खोलीत परातीवर पळी वाजली. दौलतरावांची पत्नी सारजाबाई नथ सारखी करत नवऱ्याकडे पाहू लागल्या. ज्योतीराम सतरंजीचा धागा ओढत होता.

"दौलतराव," दुर्गा पुढे आली. "ते तुम्ही वाचायचं नव्हतं. मी सुटे कागद लिहिलेत, ते आणते. समासातलं माझं मलाच होतं."

"पण लिहिलंय माझ्या कागदावर."

"हो. ती चूक माझी."

"येथे झोप आली," दौलतरावांनी पुन्हा वाचले, या वेळी हळू. "म्हणजे खरंच आली की कादंबरी कंटाळवाणी आहे असं म्हणायचंय?"

"खरंच आली."

उद्धवरावांच्या लक्षात यायला एवढा वेळ लागला. ते लक्षात आल्यावर त्यांनी सुनेकडे पाहिले, मग ताटाकडे, मग लाल फडक्यावरच्या आपल्याच बोटांच्या हळद-कुंकवाकडे. "प्वोरगी दमती दिवसभर," ते म्हणाले. "घरचं समदं करून वाचायचं म्हणजे झोप येनारच. त्येचं काय येवढं?"

"आबासाहेब, थांबा." दौलतरावांनी बाड मांडीवर घेतले आणि चाळायला लागले. दोनशे, तीनशे, साडेतीनशे. दर दोन पानांवर पेन्सिल होती. ही कादंबरी त्यांनी आठ जणांना वाचायला दिली होती, त्यात एक निवृत्त हेडमास्तर होते. आठही जणांनी 'छान आहे' म्हणून परत दिली होती. त्यांना राग आला होता. कान तापले होते, हे त्यांना स्वतःला जाणवत होते. पण उठून जावे असे वाटत नव्हते. भांडावे असे वाटत होते.

"असं करू," ते म्हणाले. "हद्दीचा वाद शिल्लक ठेवून सोयरीक करू नये. मी एकेक खूण काढतो. दुर्गाबाईंनी सांगावं का केली. मला पटलं तर मी मानेन, नाही पटलं तर त्यांनी मानावं. सगळं मिटलं की सुपारी फोडू."

"सगळ्या खुणा?" सोपानरावांनी विचारले. ते चाकणहून न्याहारी न करता आले होते.

"सगळ्या."

*

पहिली वीस पाने शांतपणे गेली.

"चतुःसीमा का नको?" दौलतरावांनी विचारले. "नायक गावात शिरतो. गाव कुठं आहे ते सांगायला नको?"

"गाव सांगा. पूर्वेस कोणाचा गट, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस कोणाची पड जमीन, उत्तरेस गाडीवाट, हे दर गावाला सांगितलंत. नायक चौदा गावांत जातो."

"जमीन तशीच असते, बाई."

"जमीन असते. वाचणारा तिथं मोजणीला आलेला नसतो."

सारजाबाई पदराआड हसल्या. त्यांचे आणि दुर्गाचे सूत तिथेच जमले असे वाटले, आणि सारजाबाईंनी ते लगेच बोलूनही दाखवले. "मी तर म्हणते, सगळं गाळा. रोज रात्री दिवा जळतो आमच्याकडं. माझ्या माहेरचीसुद्धा पानं घातलीत यांनी. माझ्या आईला खादाड म्हणून रंगवलंय."

"नाव बदललंय मी," दौलतराव म्हणाले.

"सगळ्या खेडला कळतं कोण ते. तिथं काय लिहिलंय हो दुर्गाबाईंनी? चांगला लाल शेरा मारला असेल."

दौलतरावांनी ते पान काढले. "'ही बाई आवडली. आणखी हवी.'"

सारजाबाईंनी दुर्गाकडे पाहिले आणि नथ पुन्हा सारखी केली. ते सूत तिथे तुटले.

दुर्गाने डोळे मिटून घेतले. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली होती. ती काढून ओच्यात लपवावी असे तिला वाटले, पण आता त्याला अर्थ नव्हता. आत पुरण निवत होते. सुमन दाराच्या फळीला टेकून उभी होती, चेहऱ्यावर काही दिसत नव्हते. तिचे काही दिसत नसले म्हणजे फार काही चालले आहे, हे दुर्गाला माहीत होते. आपण महिनाभर एका माणसाच्या कादंबरीत डोके घातले ते या मुलीसाठी, आणि त्याच पेन्सिलीने तिचे स्थळ मोडायला निघालो. आता सगळ्याला हो म्हणावे. चतुःसीमा राहू द्या, नायकाला रडू द्या.

"हे तुमचं पटतं मला," ती पुढच्या खुणेला म्हणाली. "राहू द्या तसंच."

"का पटलं?" दौलतरावांनी विचारले.

दुर्गाने आत चुलीकडे पाहिले.

"जेवायला घालायचं म्हणून पटवून घेऊ नका, बाई. तशी आठ माणसं आहेत माझ्याकडं." त्यांनी मधला मोठा गठ्ठा एकदम उलटला. "पान चारशे बारा. 'ही वारली ना?' कोण वारली?"

"चिमाबाई. पहिल्या भागात वारली. इथं ती लग्नाच्या पंगतीत वाढतेय."

"ती दुसरी चिमाबाई."

"न्हाई," आतून आवाज आला. उद्धवरावांची पत्नी ठकुबाई हात पुसत दारात आल्या. त्यांना अक्षर येत नव्हते; कादंबरी सगळी त्यांनी कानाने घेतली होती, सुमन वाचायची आणि त्या शेवया वळायच्या. "दुसरी कशी आसंल, पाव्हनं? हिच्याबी डाव्या डोळ्यात फूल, तिच्याबी डाव्या डोळ्यात फूल. तीच हाय. आन मी म्हनते, आसू द्या की जिती. बिचारी पयल्या डावाला लई वंगाळ मेली."

"आत्याबाई, मेलेलं माणूस पंगतीत कसं वाढेल?" दुर्गा म्हणाली.

"तुमच्या पुस्तकातबी त्यो इंजिनेर दोनदा रिटायर झालता. आमी बोललो का काय?"

सोपानराव खोकले. दुर्गाने आपल्या सासूकडे पाहिले. तिच्या पहिल्या कादंबरीतली ती चूक प्रकाशकांना, मुद्रिते तपासणाऱ्याला आणि टीकाकारांना सापडली नव्हती. सहा वर्षांत आज पहिल्यांदा ती कोणी बोलून दाखवत होते.

"बरं, ती चुकली," दौलतराव ठकुबाईंना म्हणाले, आणि मग जरा पडेल आवाजात, "म्हणजे मीच चुकलो. तिला काढवत नव्हतं मला." ते मागची पाने उलटू लागले. पहिल्यांदा भराभर, मग सावकाश. "हे काय? इथं काहीच नाही."

"कुठं?"

"अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद. नव्वद. चौऱ्याण्णवपर्यंत. कड कोरी. ही पानं वाचलीच नाहीत की काय?"

हा प्रश्न त्यांनी हसत विचारला नव्हता. दुर्गाला ती पाने आठवत होती. चिमाबाईच्या शेताच्या हद्दीचा दगड दिराने सरकवलेला असतो. तीस वर्षांनी सरकारी मोजणी येते. म्हातारी पहाटेच जाऊन दगड मुळात जिथे होता तिथे बसते आणि उठत नाही. दुपारी मोजणीवाले साखळी ओढत येतात. तिला हाक मारतात, मग खांद्याला हात लावतात. आणि मग, तिला न हलवता, साखळी तिच्यावरून मोजून घेतात.

"त्या पानांवर खूण नाही," ती म्हणाली, "कारण मी वाचत होते."

"बाकीची नव्हतात वाचत?"

"बाकीची तपासत होते."

दौलतरावांनी चष्मा काढला. त्यांनी ती पाने कडा जुळवून पुन्हा सारखी केली. उद्धवरावांनी अडकित्ता उचलला.

"झालं तर मग. मिटलं."

"मिटलं," दौलतराव म्हणाले. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "ज्योतीरामालाही तीच पानं आवडतात. काय रे? मीच विचारलं नव्हतं कधी. आवडली ना चिमाबाई?"

"हो दादा."

"आणि शेवट? शेवटापाशी मी अडलोय."

"शेवट तर फारच छान आहे," ज्योतीराम म्हणाला.

*

सुमन कारखान्यात पहिल्या महिन्यात एक गोष्ट शिकली होती. बशीत बुरशीच्या जितक्या वसाहती, म्हणजे ठिपके, दिसतील तितक्याच लिहायच्या. न बघता, कालच्यासारख्याच असतील म्हणून आकडा टाकायचा नाही. एका मुलीने तसा टाकला होता आणि औषधाचा एक सबंध घाणा मोरीत ओतावा लागला होता. एरवी ओरडणारे साहेब तेव्हा फारसे ओरडलेही नव्हते. त्यांनी त्या मुलीला फक्त विचारले होते, तू बघितलं नव्हतंस, तर मग बघितलं असं का लिहिलंस?

तिच्या हातात सरबताचे पेले होते. ती काही बोलणार नव्हती. सुपारी फुटायला आता फक्त अडकित्ता दाबायचा होता.

"शेवट नाहीये," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. सुपारीच्या बैठकीत मुलगी बोलत नाही, हे तिलाही माहीत होते.

"शेवटचं प्रकरण अजून लिहिलेलंच नाही. आईला मी तिथपर्यंतच वाचून दाखवलं. 'सूर्य मावळतीला गेला आणि' असं आहे, आणि पुढं कोरा कागद आहे."

"बरोबर आहे," दौलतराव म्हणाले. "शेवट सुचत नाहीये मला." मग त्यांच्या लक्षात आले. त्यांनी मुलाच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

ज्योतीरामची मान खाली होती. "दादा, मला वेळच मिळाला नाही. पाळ्या बदलत्या असतात."

"तुम्ही मला सांगितलं होतं, तीनदा वाचली म्हणून," सुमन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "जेवणाच्या सुट्टीत. मी विचारलं नव्हतं. तुम्हीच सांगितलंत."

"ते... चांगलं वाटावं म्हणून."

"कोणाला?"

ज्योतीराम पुन्हा सतरंजीचा धागा ओढू लागला. उद्धवराव घाईने मधे पडले. "पोरी, पेले ठिव आन आत जा," ते म्हणाले. "दौलतराव, लेकरू हाय. मनावर घेऊ नका."

"मी मनावर घेत नाहीये," सारजाबाई म्हणाल्या. "पण एवढ्याशा कारणावरून? अहो, बापाचं लिहिलेलं कोण वाचतं? मीसुद्धा माझ्या आईचं तेवढं वाचलं."

सुमनने पेले खाली ठेवले, पण ती आत गेली नाही. तिला भीती वाटत होती. ही तिसरी बैठक होती आणि या वेळी मोडणारी ती स्वतः होती. तरी तिला पुढचे दिसत होते. आमटी कशी झालीय? छान. पोराचा अभ्यास बघितलात? छान आहे. न बघता आकडा टाकणाऱ्या माणसाबरोबर जन्मभर.

"आबा," ती म्हणाली, "अडकित्ता खाली ठेवा. त्यांनी आधी वाचावी."

"काय वाचावी?"

"कादंबरी. सगळी नको. चौऱ्याण्णव पानांपर्यंत. मग मी सांगते."

"मुलीकडच्यांनी अट घालायची आसती व्हय?" उद्धवराव आता खरोखर वैतागले. एका सकाळीत त्यांचे ताट बिघडले होते, सून गोत्यात आली होती आणि लेकीला वाचा फुटली होती. "मुरारी कुटं हाय? कुनी तरी हिच्या भावाला बोलवा."

"ते पहिल्या पाळीला आहेत, मामंजी," दुर्गा म्हणाली. "तिनं म्हटलंय ते मला बरोबर वाटतं."

"तुमाला तर वाटनारच. तुमच्यापायीच चाललंय समदं."

"घालू द्या अट," दौलतराव म्हणाले. त्यांनी बाडातून पहिली चौऱ्याण्णव पाने मोजून वेगळी काढली, कडा ठोकून सारख्या केल्या आणि मुलाच्या मांडीवर ठेवली. "समास वाचू नकोस. मधलं वाच."

"आत्ता?"

"मग कधी? पाळ्या बदलत्या असतात तुझ्या."

"आन जेवान?" सोपानरावांनी विचारले.

उद्धवराव म्हणाले, सुपारी फुटल्याबिगर पंगत बसत नाही, रीत तशी आहे. सारजाबाई म्हणाल्या, सुपारीआधी मुलाला वाचायला बसवतात ही तरी रीत कुठली आहे. तेव्हा ठकुबाईंनी पदर खोचला. "पानं मांडा गं," त्या आत बघून म्हणाल्या. "पुरणावर रुसून कुनाचं भलं झालं न्हाई."

*

दुपारी मुरारी पाळीवरून आला तेव्हा ओट्यावर सावली होती आणि सावलीत त्याचा होणारा किंवा न होणारा मेहुणा मांडीवर कागद घेऊन बसला होता. मुरारीने त्याला रामराम केला. उत्तर आले नाही. मुरारी सायकल लावून मागच्या दाराने आत आला.

"फुटली का सुपारी?"

"नाही," दुर्गा म्हणाली. "वाचतायत."

"कोण? काय?"

"हात धुऊन घ्या. सगळं सांगायला अर्धा तास लागेल."

त्याने बायकोकडे निरखून पाहिले आणि सांगण्याचा आग्रह केला नाही. सोप्यात दौलतराव आणि सोपानराव तक्क्याला टेकून झोपले होते. सारजाबाई ठकुबाईंजवळ बसून आपल्या आईविषयी बोलत होत्या, खादाड कशी नव्हती ते. ठकुबाई हुंकार देत होत्या.

दुर्गा चुलीपाशी पाटावर बसली. तांदळाच्या डब्यामागे तिचे एक पुस्तक असे, वाचनालयातून आणलेले, कामाचे नसलेले. ते ती माडीवर कधी नेत नसे. माडीवर पेन्सिली होत्या आणि पेन्सिल हाताशी असली की तिला वाचता येत नसे; दुसऱ्या पानावर बोटे अंबाड्याकडे जात. स्वयंपाकघरात फक्त सांडशी होती. या घरात तिने आनंदाने जे काही वाचले होते ते भात शिजताना, आणि त्यापायी दोनदा भात लागला होता. तिने पुस्तक उघडले, चार ओळी वाचल्या आणि पुन्हा मिटले. खिडकीतून ओटा दिसत होता.

पहिला तासभर तिने ज्योतीरामवर लक्ष ठेवले होते. तो माणूस वाचत नव्हता, शिक्षा भोगत होता. पान उलटी, उरलेली पाने बोटांनी मोजी, पाय बदली, कुंपणावरच्या कावळ्याकडे पाही. एकदा पान अर्धे उलटून थांबला आणि पुन्हा मागे आला. समास वाचत असावा, कारण तो हसला. त्याचे अगदी चुकत होते असेही नाही. पहिल्या प्रकरणाला तिनेच 'कंटाळा' लिहिले होते.

सुमन चहा घेऊन ओट्यावर गेली. पेला त्याच्याजवळ ठेवला. काहीतरी बोलली असावी. तो मान वर करील म्हणून ती थांबली. मग परत आली.

"किती झालं?" दुर्गाने विचारले.

"बघितलं नाही."

"तुझ्या अटीचं काय मग? सांगशील काय तू?"

"माहीत नाही, वहिनी." सुमन चुलीसमोर बसली आणि राख उगीच सारखी करू लागली. "मी फार बोलले का?"

"बोललीस जेवढं होतं तेवढंच. पण वेळ वाईट निवडलीस. ती आपल्या दोघींची खोडच आहे."

दौलतराव जागे झाले होते. ते डोळ्यांवर पाणी मारून स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि उभे राहिले. त्यांना ओट्यावर जायचे होते, पण जाववत नव्हते. "गाडीची वेळ होतेय," ते म्हणाले. "विचारू का त्याला?"

"थांबा," दुर्गा म्हणाली.

ज्योतीराम आता हलत नव्हता. पाय कधी बदलला ते तिच्या लक्षात आले नव्हते. उरलेली पाने तो मोजत नव्हता. पेल्यातल्या चहावर साय धरली होती आणि तिच्यावर माशी बसली होती. रस्त्याने एक बैलगाडी कुरकुरत गेली, गाडीवानाने त्याला हात करून काहीतरी विचारले, वाट असावी. ज्योतीरामने मान वर केली नाही. गाडीवान थोडा वेळ वाट बघून पुढे गेला.

सुमन उठून खिडकीशी आली. मग ती ओट्याच्या दारापर्यंत गेली आणि तिथूनच, त्याच्या खांद्यावरून, पानाचा आकडा वाचला.

"एक्क्याण्णव," ती परत येऊन म्हणाली. "म्हातारीला हाक मारतायत."

ठकुबाई कधी उठून मागे आल्या ते कोणाला कळले नव्हते. त्यांनी सगळ्यांच्या डोक्यांवरून ओट्याकडे नजर टाकली.

"आता फोडा सुपारी," त्या म्हणाल्या. "त्याला काय ऐकू यायचं न्हाई."

तिच्यामागून आलेल्या उद्धवरावांनी आधी दौलतरावांकडे पाहिले. मग ते लेकीकडे वळले. हे असे त्यांनी आयुष्यात प्रथमच केले आणि ते करतानाही त्यांची चिडचिड चालूच होती. "काय गं बये? हाय का तुजी परवानगी?"

सुमन ओट्याकडे पाहत होती.

"फोडा," ती म्हणाली.

सोपानरावांना हलवून जागे करण्यात आले. अडकित्ता मिटला. सुपारीचा आवाज सोप्यात चांगला मोठा झाला आणि कुंपणावरचा कावळा उडाला.

ज्योतीरामने पान उलटले.